मुठेवरचं ते ‘डासांचं वादळ’, आणि चिलटं मोजणं वाया का नाही

फेब्रुवारी 2024 मधला तो व्हिडिओ आठवतोय ना, पुण्यात केशवनगर-खराडीच्या बाजूला मुळा-मुठा नदीवर किड्यांचे काळे खांब उभे राहिलेले आणि ‘डासांचं वादळ’ म्हणून देशभर फिरलेला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो परत आलाय. खाली लांबलचक मजकूर, की हे सगळे डास आहेत, आता डेंग्यू पसरणार, हे किडे फक्त घाणीत होतात, त्यामुळे नदीवर सरसकट फवारणी करा, आणि त्यांच्या जाती मोजत बसणारे लोक वेळ-पैसा घालवतायत. यातलं जवळपास काहीच बरोबर नाही म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी डेंग्यू. तो पसरवणारा एडिस डास घरात-घराभोवती साठवलेल्या पाण्यात वाढतो, पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, टायर. नदीच्या गाळात नाही. आणि एवढे उंच मनोरे करून उडायची सवय असते ती न चावणाऱ्या चिलटांना, कायरोनोमिड म्हणतात त्यांना, थव्यात बहुतेक सगळे नर आणि ते माद्यांची वाट बघत असतात. खात्री करायचीय तर सकाळी दिव्याखाली मरून पडलेला एक उचला आणि भिंगातून बघा, डासासारखी लांब सोंड नसते, पंखांवर खवले नसतात. जिवंत बसलेला दिसला तर पुढचे पाय उचलून धरतो, डास मागचे उचलतो. जलपर्णीत क्युलेक्स डासही होतात, ते चावतात आणि ती तक्रार खरीच आहे, पण तो वेगळा किडा आणि त्याचा उपाय वेगळा.

दुसरं, ‘घाणीतच होतात’. हे अर्धंच खरंय. गाळात राहणाऱ्या लाल अळ्या, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळतात त्याच, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. पण या कुळात जगभर 7,000 पेक्षा जास्त जाती नोंदल्या गेल्यात! नेपाळमधल्या याला हिमनदीवर बर्फाच्या पाण्यात राहणारी एक आहे, अंटार्क्टिकात एक आहे, आइसलंडच्या एका सरोवराचं तर नावच मीवात्न, म्हणजे चिलटांचं तळं. डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यात दगडावरचं शेवाळ खाणाऱ्या जाती असतात, त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो. काही जातींच्या अळ्या चक्क दुसऱ्या अळ्यांना खातात. म्हणजे मुठेवरच्या टेमघर धरणाच्या वरचा ओढा आणि पुण्यात संगमवाडीच्या खालचा गाळ, पाणलोट एकच, पण आत राहणारी मंडळी एकदम वेगळी.

आणि म्हणूनच जाती मोजायच्या. नुसती चिलटं खूप झाली यावरून नदीबद्दल फार काही कळत नाही. धरणाच्या वर वीस-तीस जाती सापडल्या आणि शहराच्या खाली दोन-तीनच उरल्या, त्याही लाखोंनी, तर मधे कुठे काय बिघडलं ते टप्प्याटप्प्याने शोधता येतं (आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण जातींचा असाच निकाल लागतो). यासाठी चिलटं मारावीही लागत नाहीत, ही पद्धत मला फार आवडते. कोषातून चिलट उडून गेलं की रिकामी कातडी पाण्यावर तरंगते, फेसात, काटक्यांना, काठाला अडकते, ती बारीक जाळीने गाळून घ्यायची आणि मायक्रोस्कोपखाली जात ओळखायची, गाळ उपसायची गरज नाही आणि गेल्या एक-दोन दिवसांत त्या पट्ट्यात कोण कोण बाहेर पडलं ते एका बाटलीत येतं. जर्मनीत थिनेमान या जीवशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच अशा कातड्या गोळा केल्या होत्या. अळ्यांच्या दातांत व्यंग दिसायला लागलं तर जड धातूंसारख्या प्रदूषणाचा संशय घेतात, हे पाण्याच्या एका सॅम्पलमधून कळेलच असं नाही, कारण सॅम्पल त्या क्षणाचं आणि अळी तिथेच आठवडेच्या आठवडे राहिलेली.

फवारणीचं थोडक्यात. धुराने उडणारे मरतात, ते तसेही काही दिवसांचेच सोबती, अळ्या खाली गाळात सुखरूप. उलट त्यांच्यावर जगणारे मासे, भिंगऱ्या, वटवाघळं यांना फटका. थव्यांचा त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही, सुदानमध्ये नाईलकाठी चिलटांमुळे लोकांना दम्याचे झटके आलेत, तेव्हा ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी संध्याकाळी खिडक्या बंद ठेवा आणि बाहेरचे दिवे कमी करा. पण संख्या खरंच कमी करायची असेल तर सांडपाणी आणि जलपर्णी अडवावी लागेल, तिथे गाळ साचतो आणि गाळात अळी वाढते.

पुढच्या वेळी थवा दिसला की व्हिडिओ काढाच, पण काठावरचा थोडा फेसही चहाच्या गाळणीने गाळून अल्कोहोल घातलेल्या बाटलीत भरा, वर जागा आणि तारीख लिहा आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्या. मुळशीपासून रांजणगाव सांडसला भीमा मिळेपर्यंत कुठल्याही घाटावरची चालेल.