खुलासा : आयव्हन टोनीवरची बंदी मॅच फिक्सिंगसाठी नव्हती

‘ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनीने मॅच फिक्स केल्या, पकडल्यावर जुगाराच्या व्यसनाचा बहाणा करून सुटला’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. टोनी हा इंग्लंडचा फुटबॉलपटू; बंदी आली तेव्हा तो ब्रेंटफर्ड क्लबकडून खेळत होता.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा सविस्तर निकाल 2023 पासून सर्वांसाठी खुला आहे. टोनीने सट्टेबाजीच्या नियमांचे 232 भंग कबूल केले. मॅच फिक्सिंगचा आरोप त्याच्यावर नव्हताच. तिथल्या व्यावसायिक खेळाडूला जगात कुठल्याही फुटबॉल सामन्यावर पैसे लावता येत नाहीत, मग तो स्वतः त्यात खेळो वा न खेळो. त्या-त्या वेळच्या आपल्याच क्लबच्या पराभवावर त्याने 13 वेळा पैसे लावले, हे खरे आणि गंभीरच आहे. पण त्या सामन्यांत तो खेळत नव्हता.

आता ‘बहाणा’. व्यसनाचे निदान मानसोपचारतज्ज्ञाने केले आणि आयोगाने ते स्वीकारले. म्हणून शिक्षा तीन महिन्यांनी घटली, माफ झाली नाही. आठ महिने बंदी आणि 50 हजार पौंड दंड झालाच. माझ्या मते ही सवलत रास्तच होती. इटलीचा फुटबॉलपटू सांद्रो तोनाली यालाही सट्टेबाजीसाठी त्याच वर्षी दहा महिन्यांच्या बंदीबरोबर उपचार घेणे बंधनकारक केले गेले. (नावे जवळपास सारखी, म्हणून काही मेसेजमध्ये दोघांची सरमिसळही झाली आहे.)

तो चुकीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.