दिवसांचा नव्हे, धावपळीचा खर्च

नागपुरात नवरा-बायको दोघांनी बिनपगारी रजा घेऊन काही महिने फिरायला जायचे ठरवले, की नातेवाईक आधी "लॉटरी लागली का?" असे विचारतात आणि मग आवाज खाली आणून "घरी सगळे ठीक आहे ना?" असे विचारतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' एवढेच आहे. पहिल्याचे सविस्तर द्यावेसे वाटते, कारण दीर्घ प्रवास श्रीमंतांनाच परवडतो ही समजूत आठवडाभराच्या सहलीचा खर्च दीर्घ प्रवासाच्या आठवड्यांनी गुणल्यामुळे झालेली आहे.

सहलीत पैसा जातो तो धावपळीत: रोज नवे हॉटेल, टॅक्सी, दोन्ही वेळचे बाहेरचे जेवण आणि 'पुन्हा कशाला येणे होते' म्हणून काढलेले प्रत्येक तिकीट. एका गावी महिनाभर राहिले, तर खोली महिन्याच्या भाड्याने मिळते आणि स्वयंपाक घरी होतो. व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसाची मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवली, म्हणून आम्ही तो देश निवडला. तिथल्या दा नांग शहरातल्या खोलीत एकच शेगडी होती. तिच्यावर आधी फोडणी करून वाटीत काढायची, मग त्याच भांड्यात भात लावायचा आणि तो अर्धवट शिजला की घरून नेलेल्या डाळीच्या भरड्याचे गोळे त्यात सोडायचे, असा गोळाभात माझ्या नवऱ्याने तिथे जमवला. नागपुरात त्याने कधी कुकरही लावला नव्हता.

बचत म्हणजे पोटाला चिमटा, हेही मला पटत नाही. तर्री-पोहे आम्ही सोडले नाहीत. पैसे वाचले ते मोठ्या निर्णयांत: जुनीच गाडी चालवली आणि धरमपेठेतल्या मोठ्या फ्लॅटचा विचार पुढे ढकलला. पगार जमा होताच ठरलेली रक्कम दोघांच्याही खात्यांतून आरडीत वळती होत असे. मात्र केवळ प्रवासाचा आकडा धरून चालत नाही. आपण घरी नसलो तरी मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचे हप्ते आणि वीजबिलातला स्थिर आकार चालूच राहतो, आणि काही महिन्यांसाठी घर भाड्याने द्यावे म्हटले तर भाडेकरार सहसा ११ महिन्यांचाच होतो. परतल्यानंतर पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्चही वेगळ्या एफडीत ठेवावा. आणखी एक गोष्ट अशी, की परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, पहिल्या रुपयापासून कापला जातो, तर स्वतः आखणी करून फिरण्यासाठी बाहेर पाठवलेल्या पैशांवर १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. कापलेला कर प्राप्तिकरात वळता होतो खरा, पण ऐन निघण्याच्या वेळी ती रक्कम अडकून पडते.

पैशांपेक्षा अवघड असते ते चोवीस तासांचे सहवासाचे गणित. नोकरदार जोडप्यांची भेट सकाळच्या डब्यापाशी आणि रात्रीच्या जेवणापाशी होते. उरलेला दिवस एकमेकांसोबत काढण्याची सवय आपल्याला नसतेच. प्रत्येक गावाची आखणी एकानेच करायची आणि दुसऱ्याने तिच्यात खोट काढायची नाही, असे आम्ही ठरवले. सामायिक पैशांखेरीज दोघांकडे स्वतःची थोडी रक्कम होती आणि तिचा हिशेब मागायचा नव्हता. ती त्याने कुठे उडवली हे मी आजही विचारलेले नाही. आठवड्यातून एक दिवस वेगवेगळे फिरावे, हा नियम तर मी नव्याने लग्न झालेल्यांनाही सुचवेन, मग ते रुसले तरी चालेल.

ज्यांच्या घरी वृद्ध आई-वडील आहेत किंवा गृहकर्जाचा हप्ता मोठा आहे, त्यांनी परदेशाचा हट्ट धरू नये. आपले नागपूर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम लोहमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथेच वसलेले आहे, आणि रेल्वेच्या वर्तुळाकार प्रवास तिकिटावर येथून निघून, वाटेत आठ ठिकाणी मुक्काम करून येथेच परतता येते; अंतर वाढत जाते तसा किलोमीटरमागचा दरही कमी होतो. त्यासाठी मार्ग आखून रेल्वेच्या विभागीय वाणिज्य कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. आरक्षण मात्र प्रत्येक टप्प्याचे वेगळे करावे लागते, तेव्हा मे महिना आणि लग्नसराई टाळलेली बरी.