साल बदललं की झाला आराखडा अद्ययावत!

दरवर्षी मे महिन्यात तोच फोन. "मॅडम, तेवढा आपत्ती आराखडा अपडेट करून टाका, उद्या मान्सूनपूर्व बैठक आहे." उद्या! म्हणजे मुखपृष्ठावरचं साल बदलायचं आणि प्रिंट काढायची.

यंदा हट्टाने संपर्क यादीतले नंबर फिरवले. पहिले साहेब कधीच निवृत्त होऊन गावी शेती बघतायत. बिचारे म्हणाले, "अजून माझं नाव आहे होय?" दुसरा नंबर अस्तित्वातच नाही. पूरग्रस्तांना हलवायची ती शाळा पाडून तिथे कॉम्प्लेक्स उभं राहिलंय. कागदावर मात्र तिथे तीनशे माणसं झोपणार आहेत. बोटी चार. त्यातली एक गोदामात उलटी पडलीये, खाली मांजरीची पिल्लं.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्या, तो अद्ययावत करा, असं स्वच्छ लिहिलंय. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोका पातळी ४५! आमच्या नकाशातली पूररेषा मात्र त्याच्याही आधीची. ज्या गल्लीत तेव्हा छातीभर पाणी होतं, ती आमच्या लेखी कोरडी ठणठणीत. लोक तिथे तळमजल्यावर भाड्याने राहतायत, त्यांना कोण सांगणार?

बैठकीत हे सगळं बोलले. साहेबांनी पानं चाळली.

"बघू पुढच्या वर्षी. बाइंडिंग मात्र छान झालंय हं!"