‘टॉन्सिल कुठल्या पोराला नसतात?’

काका, नमस्कार. तुम्ही लिहिलंत की टॉन्सिल प्रत्येक पोराचे वाढतात, मीठ-हळदीच्या गुळण्यांनी बसतात, तुमचा सहा वर्षांचा नातूही घोरतो. आणि काउडन सिंड्रोमसारख्या दुर्मीळ आजाराचं नाव काढून मी आयांना उगाच घाबरवते.

यातलं अर्धं मला मान्य आहे. तीन ते सात या वयात टॉन्सिल मोठे असतातच, बहुतेकांचे पुढे आक्रसतात. ऊठसूट काढू नयेत हेही खरं.

पण माझ्या मुलाचे टॉन्सिल सुजलेले नव्हते. ताप नाही, घसादुखी नाही. नुसते मोठे, दोन्ही बाजूंनी पडजिभेला टेकलेले. रात्री तो मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपायचा. घोरता घोरता एकदम शांत व्हायचा. मी त्याच्या छातीवर हात ठेवून आकडे मोजायचे. कधी आठ, कधी बारा. मग दचकून श्वास. गुळण्या आम्हीही केल्या काका, तीन वर्षं. आईस्क्रीमही बंद होतं.

उलगडा झाला तो टेपने. नव्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याच्या डोक्याचा घेर मोजला. वाढीच्या तक्त्यावरचा ठिपका सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर गेला. मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना दुकानातलं एकही हेल्मेट नीट बसत नाही. तिशीतच थायरॉईडची गाठ काढलेली. हिरड्यांवर चामखिळीसारखे बारीक दाणे, ज्यांच्याकडे आजवर कुणी लक्षच दिलं नव्हतं. रक्ततपासणीत बापलेकाच्या पीटेन नावाच्या जनुकात सारखाच दोष निघाला.

पीटेन म्हणजे पेशींच्या वाढीला लागणारा ब्रेक. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की डोकं मोठं होऊ शकतं, जागोजागी गाठी येतात, आणि टॉन्सिल ज्या पेशींचे बनतात त्याही जंतुसंसर्ग नसताना वाढत राहू शकतात. याच दोषातून होणाऱ्या काउडन सिंड्रोमचं वर्णन १९६३ मध्ये झालं, जनुक सापडलं १९९७ मध्ये. आई-वडिलांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी.

टॉन्सिल आम्ही काढले, पण झोपेच्या तपासणीत श्वास अडकतो हे दिसल्यावरच. भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगितलं होतं. जिभेच्या मुळाशीही टॉन्सिलसारख्याच पेशींचा थर असतो. तो वाढलेला असला तर श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. त्यांनी तशी तयारी ठेवली, आणि ती लागली. आधी माहीत नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

आता त्याची दरवर्षी थायरॉईडची सोनोग्राफी होते. ह्यांचं आतडं आणि मूत्रपिंडंही तपासणीखाली आहेत. या आजारात तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. बायकांत स्तन आणि गर्भाशयाचाही. हे सगळं एका घोरण्यातून कळलं, म्हणून मी लिहिते.

नातवाचं डोकं मोजा काका. शिंप्याची टेप चालेल, भुवयांच्या जरा वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून. आकडा त्याच्या डॉक्टरांना तक्त्यावर लावायला सांगा. बहुधा तो रेघांच्या आतच येईल. तरीही एका रात्री त्याच्याजवळ झोपा. श्वास मध्येच थांबत असेल, तर गुळण्यांवर थांबू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.