मिग-२१ च्या किटवरच्या ‘पैसे वाया’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचे दोन तारे आणि सोबतचे फोटो नीट पाहिले. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: १/७२ प्रमाणाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मिग-२१ बिस या लढाऊ विमानाचं किट महाग आणि तळहाताएवढं, पंखांच्या मुळाशी खालून फट, कॅनॉपी (कॉकपिटवरची पारदर्शक काच) आतून पांढरी, रंग टेपबरोबर उचकटला आणि वरचं वार्निश दुधाळ झालं, डेकलखाली (पाण्यात भिजवून लावायच्या छापील चिन्हांखाली) चंदेरी चट्टे, तयार विमान शेपटीवर बसतं, आणि स्प्रूवर (भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटींवर) ढीगभर भाग उरले, म्हणजे दुकानाने चुकीचं खोकं दिलं. उत्तर इथे सगळ्यांसमोर सविस्तर देतोय, कारण पावसाळ्यात मॉडेल करायला बसणाऱ्या बहुतेकांना यातलं काही ना काही भोवतंच. आणि तुमचं मॉडेल टाकून देण्याजोगं झालेलं नाही.

आकाराचं आधी. मिग-२१ च्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर. भागिले ७२ केलं की ९९ मिलिमीटर येतात, आणि तुमच्या फोटोतल्या पट्टीवरही तेवढेच दिसतात. विमानच मुळात आखूड पंखांचं आहे. १/४८ मध्ये तेच १४९ मिलिमीटर होतं, आणि १/७२ चं सुखोई-३० एमकेआय घेतलं तर २०० च्या वर जातं. ही दोन्ही विमानं नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात बांधली गेली, त्यामुळे एकाच प्रमाणात शेजारी शेजारी ठेवायला लोकांना आवडतात. पण किमतीचा हिशोब सेंटिमीटरवर करू नका. साच्यातलं कोरीवकाम लहान विमानाला कमी लागत नाही.

उरलेल्या भागांबद्दल ठामपणे सांगतो: खोकं बरोबर आहे. सूचनापत्रकाच्या पहिल्या पानांवर स्प्रूंचा नकाशा आहे. त्यात काही भागांवर करडी छटा दिलीय, ते या आवृत्तीत वापरायचे नाहीत. मिग-२१ च्या एफएल, एम, बिस अशा आवृत्त्या भारतातच बनल्या. त्यांच्या पाठीवरचा उंचवटा, अँटेना, तोफेची व्यवस्था वेगवेगळी. साचे खर्चिक असतात, म्हणून कंपन्या काही स्प्रू सगळ्या आवृत्त्यांना सामाईक ठेवतात. तुम्ही फोटोत वेगळे काढून दाखवलेले सगळे भाग छटेतलेच आहेत. फेकू नका, उरलेली क्षेपणास्त्रं आणि चाकं पुढे हमखास उपयोगी पडतात. कॉकपिटचा निळसर हिरवा रंगही छपाईतली गडबड नव्हे. बिसचं कॉकपिट खरोखर त्याच रंगाचं असतं.

आता पंख. फोटो मोठा करून पाहिला तर दोन कारणं दिसतात. पंखाच्या जिभेवर स्प्रूच्या देठाचा अर्ध्या मिलिमीटरचा खुंट राहिलाय, त्यामुळे जीभ खाचेत पूर्ण शिरत नाही. निपरने (भाग तोडायच्या छोट्या पक्कडीने) एकाच घावात भाग तोडू नये. पहिला घाव भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, दुसरा जवळ, आणि उरलेला खुंट ब्लेडने तासून ६०० च्या सँडपेपरने सपाट. एका घावात जवळून तोडलं तर प्लास्टिक ताणून पांढरं पडतं, कधी भागाचा टवकाच निघतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुम्ही पंख अगदी आडवे, टेबलाशी समांतर धरून चिकटवलेत. मिग-२१ चे पंख टोकाकडे २ अंशांनी खाली झुकलेले असतात. या प्रमाणात टोकाशी हा फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. पण टोक तेवढं वर उचललं की मुळाशी वरची कड धडाला टेकते आणि खालची उघडी पडते. तुमची फट खालच्याच बाजूला आहे, ती त्यामुळे. चिकटवण्याआधी टेपने जुळवून समोरून बघायचं, कोन जमला की मगच पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचं द्रावण). बाटलीतला ब्रश सांध्याच्या कडेला नुसता टेकवला की द्रावक आपोआप आत ओढलं जातं. सांधा हलका दाबायचा, वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर येते, ती २४ तासांनी ब्लेडने खरवडायची. सिमेंट प्लास्टिक वितळवून जोडतं, त्यामुळे ते पूर्ण कडक व्हायच्या आत घासलं तर काही दिवसांनी तिथे खळगा पडतो.

तुमचा सांधा आता पक्का झालाय, तो उघडू नका. ०.२५ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटची पट्टी फटीत सरकवा, पातळ सिमेंट लावा, एक दिवस ठेवा, बाहेर आलेली कड तासा. राहिलेल्या बारीक रेषेत पुट्टी, तीही दोन पातळ थरांत, कारण सुकताना ती आक्रसते. पुट्टी घासून काढण्यापेक्षा थिनरमध्ये भिजवलेल्या कानकाडीने पुसून घेतली तर आजूबाजूच्या पॅनल रेषा (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेघा) बुजत नाहीत. मात्र थिनर जपून, तो प्लास्टिकही मऊ करतो.

कॅनॉपी पांढरी पडली ती प्लास्टिकमुळे नाही, गोंदामुळे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की सीट आणि कॅनॉपी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली. असा सायनोअॅक्रिलेट गोंद, कुठल्याही कंपनीचा असो, घट्ट होताना वाफ सोडतो. ती वाफ हवेतली आर्द्रता आणि प्लास्टिकवरचे बोटांचे तेलकट ठसे यांच्या संपर्कात आली की तिथेच घट्ट होऊन पांढरी पूड बनून बसते. कॉकपिट बंद केल्यावर वाफेला बाहेर जायला वाटच नसते, म्हणून ठसे आतून इतके स्पष्ट दिसतात. जुलैच्या हवेत हे आणखी लवकर होतं. स्वस्तातली काच दिलीय हा तुमचा तर्क म्हणूनच मान्य करता येत नाही.

ती काढायची असेल तर मॉडेल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने हा गोंद ठिसूळ होतो. मग नवीन ब्लेडचं टोक मागच्या कडेकडून घालून थोडं थोडं उचला. पुढून जोर लावलात तर पुढची काच तडकेल. सुटली की आतून कानकाडीवर प्लास्टिक पॉलिश घेऊन घासा. पांढरेपणा वरवरचा असेल तर निघतो. बाहेर ओरखडे असतील तर २००० चा ओला सँडपेपर, मग त्याहून बारीक, मग पॉलिश. शेवटी ग्लॉस (चकचकीत) अॅक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून, खालची कड टिश्यूला टेकवून निथळवा आणि धूळ बसू नये म्हणून डब्याखाली झाकून ठेवा. परत बसवताना साधं फेव्हिकॉल, पाण्याने किंचित सैल केलेलं. पांढरं लागतं, सुकल्यावर पारदर्शक होतं आणि जास्तीचं ओल्या ब्रशने पुसता येतं. पकड कमी असते हे खरं, पण कॅनॉपीवर भार काहीच नसतो. आत कुठे सायनोअॅक्रिलेट वापरलंच असेल तर कॉकपिट बंद करण्याआधी एक दिवस उघडं ठेवा.

रंगाबद्दल सर्वांत जास्त लिहावं लागेल, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकच समजताय.

टेपबरोबर रंग निघाला, कारण पाण्यावर आधारित अॅक्रिलिक थेट प्लास्टिकवर बसवलं होतं. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलाचा अंश स्प्रूवर राहिलेला असू शकतो, त्यात हाताळताना लागलेला घाम. सुरुवातीला सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ टूथब्रशने धुवायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे. मग प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर. प्रायमरशिवाय असं अॅक्रिलिक प्लास्टिकवर नुसतं टेकलेलं असतं. मास्किंग टेपही खोक्यातून काढून सरळ लावायची नाही, आधी तळहातावर एक-दोनदा चिकटवून तिची पकड कमी करायची, आणि काढताना वर न उपटता स्वतःवरच दुमडत हळू ओढायची. रंगाला दोन थरांमध्ये उन्हाळ्यात एक रात्र पुरते, पावसाळ्यात दोन दिवस द्या. हाताला कोरडा लागला म्हणजे आतून वाळला असं नाही.

दुधाळ वार्निशचं कारण निराळं. स्प्रे कॅनमधल्या लॅकरचं (झटपट वाळणाऱ्या वार्निशचं) द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतं. मग गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसा हवेतला बाष्पांश त्या ओल्या थरावर जमतो आणि आत अडकतो, तोच पांढरेपणा. म्हणून लॅकरच्या कॅनसोबत आर्द्रतामापक घ्या असं आम्ही सुचवतो. ६५-७० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर त्या दिवशी फवारणी करायची नाही. पुण्यात जुलैच्या सकाळी तो ८० च्या पुढे सहज जातो. मुंबई, कोकण, गोव्याची तर बातच सोडा. एसी असलेल्या खोलीत मॉडेल आणि कॅन दोन्ही तासभर ठेवून तिथेच हवा खेळती ठेवून काम केलं तर जमतं. मास्क लावायलाच हवा. कॅन थंड असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं. गरम पाण्यात कधीही नाही, तो फुटू शकतो. अंतर २० ते २५ सेंटिमीटर, आणि फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. एअरब्रश असेल तर दाब १५ ते २० पीएसआय, आणि कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा सापळा, नाहीतर ऐन रंगात पाण्याचे थेंब उडतात.

तुमचं मॉडेल यातून सुटेल. कोरड्या दिवशी त्याच जातीच्या ग्लॉसचा एक पातळ ओला थर मारला की बहुतेक वेळा खालचा थर मऊ होऊन अडकलेलं बाष्प निघून जातं आणि रंग पुन्हा स्पष्ट दिसतो. आधी पंखाखाली टिकलीएवढ्या जागेवर करून पाहा. खाली अॅक्रिलिक आहे, लॅकरचा थर जाड झाला तर ते सुरकुततं.

हा ग्लॉसचा थर डेकलच्या आधी मारला असतात तर ते चंदेरी चट्टेही आले नसते. मॅट (न चमकणारा) रंग सूक्ष्म खडबडीत असतो. डेकलची पारदर्शक फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते, मध्ये हवा राहते, आणि उजेडात ती चंदेरी चमकते. क्रम असा: रंग, ग्लॉस, डेकल, पॅनल रेषांचा वॉश (त्यांत सोडायचा पातळ गडद रंग), शेवटी मॅट. डेकल कोमट पाण्यात २०-३० सेकंद, मग टिश्यूवर मिनिटभर, आणि कागदावरून आपोआप घसरू लागलं की जागेवर. खाली सेटिंगचं द्रावण, वर मऊ करणारं. दुसऱ्याने डेकलला सुरकुत्या पडतात, तेव्हा बोट लावायचा मोह टाळा, सुकताना ते सपाट होतं. बोअरिंगचं पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग राहतात, फिल्टरचं घ्या. लावून झालेल्या हवाई दलाच्या चक्रांना (बाहेर केशरी, मध्ये हिरवा, ते बरोबर लावलंय) नव्या सुईने चट्ट्यांच्या जागी बारीक टोचे द्या आणि मऊ करणारं द्रावण सोडा. दोन-तीन वेळा केलं की बरेचसे चट्टे जातात.

शेपटीवर बसणं. मिग-२१ ला नाकाखाली एक चाक आणि मुख्य चाकं मागे. धड मागून जड झालं की मॉडेल बसणारच. धड बंद करण्याआधी भाग टेपने जुळवून, मुख्य चाकांच्या जागी आडवी पेन्सिल ठेवून तोल पाहायचा आणि नाक खाली येईपर्यंत वजन वाढवायचं. वजन जितकं पुढे तितकं कमी लागतं. या विमानात हवा घेणाऱ्या तोंडातला शंकू पोकळ असतो, ती उत्तम जागा. मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या चालतात, पण त्या इपॉक्सीत बसवा. शिसं आणि पांढरा गोंद एकत्र आले तर कालांतराने शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि सांधा उकलतो. तुमचं धड बंद आहे, तेव्हा पुढच्या चाकाच्या खोबणीत शिशाच्या पत्र्याचे तुकडे बसवून पाहा. कॅनॉपी काढणारच आहात, तर सीटच्या पुढेही थोडी जागा मिळेल.

स्प्रूवरून भाग कापलेलं किट परत घेतलं जात नाही, हे पावतीवर लिहिलेलं आहे, त्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत. सुटी कॅनॉपी वितरकाकडून मागवता येते. खोक्याच्या बाजूचा किट क्रमांक आणि सूचनापत्रकावरचा कॅनॉपीचा भाग क्रमांक दुकानाच्या नंबरवर पाठवा, वितरक सांगेल त्याच किमतीत देऊ. पुढचं मॉडेल घेताना नाकाखाली चाक नसलेलं विमान पाहा. १/७२ चं स्पिटफायर १५६ मिलिमीटर रुंद भरतं, शेपटीच्या चाकावर उभं राहतं, वजन भरण्याचा प्रश्नच येत नाही. आणि लॅकर मारायचा असेल तर ते ऑक्टोबरनंतर उघडा.