मेन ब्रँचला नियम लावणं हा अविश्वास आहे का?

आधी शब्द समजून घेऊ. गिट हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन. त्यातली एक नोंद म्हणजे कमिट, कामासाठी काढलेली कोडची वेगळी शाखा म्हणजे ब्रँच आणि सगळ्यांची मुख्य शाखा म्हणजे मेन किंवा ट्रंक. एक ब्रँच दुसरीत मिसळणं म्हणजे मर्ज, त्यात एकाच जागचे दोन बदल भिडले तर कॉन्फ्लिक्ट आणि केलेला बदल उलटवणं म्हणजे रिव्हर्ट. मेनमध्ये काय आणि कसं जाईल यावरचे नियम म्हणजे ब्रँच प्रोटेक्शन. डेव्हलपर मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय: 'ब्रँच प्रोटेक्शन म्हणजे टीमवर अविश्वास. कॉन्फ्लिक्ट नसेल तर मर्ज करा, बिघडलं तर रिव्हर्ट करा. गूगलमध्येही सगळे ट्रंकवरच काम करतात. टायपो सुधारायला दोघांचं अप्रूव्हल कशाला?' बरेच जण तो मान डोलावून पुढे पाठवतायत, म्हणून हे लिहितोय.

अविश्वासाचं आधी. माझ्या जुन्या टीममधल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्याने एकदा स्वतःची ब्रँच समजून मेनवर फोर्स पुश केला, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रतीवर आपली प्रत जबरदस्तीने बसवली. दोन दिवसांचे कमिट सर्व्हरवरून दिसेनासे झाले. एकीच्या लॅपटॉपवर मेनची ताजी प्रत होती, म्हणून निभावलं. त्या माणसावर माझा आजही पूर्ण भरवसा आहे. पण चुकून दाबलेली एंटर कुणाचा अनुभव बघत नाही. म्हणूनच मी ॲडमिनलाही नियमातून सूट देत नाही.

'कॉन्फ्लिक्ट नसेल तर मर्ज करा' हे सगळ्यात घातक. गिट फक्त ओळींची तुलना करतं, त्यांचा अर्थ त्याला कळत नाही. समजा, एका ब्रँचवर कुणी एका फंक्शनचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत घ्यायचं ठरवलं आणि जुने सगळे कॉल बदलले. त्याच वेळी दुसऱ्या ब्रँचवर नव्या फाइलमध्ये कुणी त्याच फंक्शनला 30 पाठवलं. फाइली वेगळ्या, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट नाही. दोन्हीकडे टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. आकडा तो आकडाच, म्हणून कंपायलरही गप्प. मर्ज झाल्यावर मात्र 30 सेकंदांची मुदत 30 मिलिसेकंदांवर येते आणि रिक्वेस्ट धडाधड पडू लागतात. हे पकडायचं तर दोन्ही बदल एकत्र करून टेस्ट चालवायला हव्यात. मर्ज करण्याआधी ब्रँचमध्ये मेनचे ताजे बदल असण्याची सक्ती याचसाठी असते. वर्दळ जास्त असेल तर मर्ज क्यू लावावी, म्हणजे बदल रांगेत उभे राहतात आणि तपासूनच मर्ज होतात. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात तर बॉर्स नावाचा बॉट एकत्र केलेल्या कोडवर टेस्ट चालवतो आणि त्या पास झाल्या तरच मुख्य ब्रँच पुढे सरकते.

रिव्हर्टही वाटतो तितका सोपा नाही. मर्ज कमिट रिव्हर्ट केलं, ब्रँचवर दुरुस्ती केली आणि पुन्हा मर्ज केलं, तर फक्त दुरुस्तीच आत येते. जुने कमिट गिटच्या लेखी आधीच मर्ज झालेले असतात. मग आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो. ऐन गडबडीत हे किती जणांना आठवतं?

गूगलचा दाखला अर्धाच दिलाय. तिथे ट्रंकवर काम होतं हे खरं, पण बदल आत जाण्याआधी रिव्ह्यू होतो. लिनक्स कर्नलमध्येही (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) नवी फीचर्स साधारण दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोतच घेतात, नंतर मुख्यतः दुरुस्त्या.

टायपोची तक्रार मात्र रास्त आहे. सरसकट दोन अप्रूव्हल मागणं मलाही जाचक वाटतं. एकूण रेपोला (प्रकल्पाच्या सगळ्या कोडला) एक अप्रूव्हल ठेवा आणि लॉगिन, डेटाबेस मायग्रेशन अशा नाजूक फोल्डरना कोडओनर्स, म्हणजे त्या कोडची जबाबदारी असलेले लोक, नेमा. शिवाय अप्रूव्हलनंतर नवा कमिट आला तर जुनं अप्रूव्हल रद्द होईल ही सेटिंग चालू करा. नाहीतर रिव्ह्यू एका कोडचा झालेला असतो आणि मर्ज होतो भलताच.