टक्के राहू देत, आधी दरवाजा मोजा

मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर पुण्यातल्या मावसभावाच्या सोसायटीवरून बरीच वादावादी झाली. रिडेव्हलपमेंट चाललीय, त्यांच्या विंगमधे एक मुलगी व्हीलचेअरवर आहे, तिच्या आईने नव्या प्लॅनमधे रॅम्प मागितला तर मीटिंगमधे लोक म्हणाले एका घरासाठी पार्किंग का घालवायचं. मी रॅम्पच्या बाजूने लिहिलं तर तो मावसभाऊ, आमचा दादा, म्हणाला, तुमचं बरंय बाई, तिकडे सरकार सगळं फुकट करून देतं.

दादा, तसं नाहीये रे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूमुळे हालचालींवर परिणाम होतो), व्हीलचेअर वापरतो, आम्ही इंग्लंडमधे राहतो. घर जुनं, जिना अरुंद, बाथरूम वर, आणि २६ किलोचं पोरगं मी रोज रात्री उचलून वर न्यायचे. इथे डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट आहे, दिव्यांग माणसासाठी घरात बदल करायला मिळणारे सरकारी पैसे, १९९६ च्या कायद्यातली, इंग्लंडमधे जास्तीत जास्त ३०,००० पौंड, आणि मूल १८ च्या आतलं असेल तर आईबापाचा पगार बघत नाहीत. पण ओटी, म्हणजे घर बघून काय बदल लागतील ते सांगणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, घरी यायलाच आठ महिने लागले. कायदा म्हणतो काउन्सिलने (इथली महापालिकाच म्हण) सहा महिन्यांत निर्णय द्यायचा, पण ते सहा महिने पूर्ण अर्ज आत गेल्यावर सुरू होतात, ओटीची वाट बघण्यात गेलेले महिने कुणी मोजत नाही. मंजुरीआधी काम सुरू केलं तर ग्रँट जाऊ शकते म्हणून हातही लावता येईना. आणि ही ३०,००० ची मर्यादा २००८ पासून तिथेच आहे, बिल्डरचे दर थोडेच थांबलेत, वरचे पैसे आम्हीच घातले.

तरी एक गोष्ट मी विसरणार नाही. ओटी आली, टेप काढली, स्वयंपाकघराचा दरवाजा मोजला, ६६ सेंटीमीटर. त्याची व्हीलचेअर ६३. मग तिने त्याचा हात हातात घेऊन बोटांच्या पेरांवरच्या खपल्या बघितल्या, चौकटीला घासून घासून झालेल्या, आणि लिहून घेतलं. मी आई असून त्या खपल्यांना रोज क्रीम लावत होते, दरवाजा मोजायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

इकडे यायच्या आधी गावाकडे सिव्हिलमधे दिव्यांग सर्टिफिकेटसाठी रांगेत उभे होतो तेव्हा एकच प्रश्न होता, अपंगत्व किती टक्के? ४० च्या वर आहे ना, मग झालं. घरात जिना आहे का, संडासला कसा जातो, कुणी विचारलं नाही. महाराष्ट्रात महापालिका-नगरपालिकांनी दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी ठेवायचा असतो, पण त्यातून घरातला दरवाजा रुंद करून द्या असं मागायचं तर कुठल्या टेबलावर जायचं हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा तर २०१६ चा आहे. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मधे सांगितलं की सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज जाता यावं याच्या, नुसत्या सूचना चालणार नाहीत, बंधनकारक नियम करा, तीन महिन्यांत.

आपल्याकडे माणसं मात्र धावून येतात हे मी कुणाहीपुढे सांगेन, वॉचमनकाका, रिक्षावाले, शेजारचे काका, कुणीही मुलाला पटकन उचलून घेतं. इथे शेजारच्यांना त्याचं नाव पण माहीत नाही. पण गेल्या दिवाळीत आलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर नेताना तो मला म्हणाला, आई, सगळ्यांना सांग ना मला उचलू नका. नऊ वर्षांचा आहे तो, त्याला लाज वाटते.

आता आमच्याकडे खालीच वेटरूम झालीय, म्हणजे उंबरठा नसलेली, व्हीलचेअर आत जाणारी बाथरूम, आत तो एकटा जातो, दार लावून घेतो, मधेच ओरडतो आई येऊ नको.

दादा, तुमचं जोतं दीड फुटाचं असेल तर एकास बारा उताराने अठरा फूट रॅम्प लागतो, म्हणजे एका गाडीच्या लांबीपेक्षा थोडा जास्त. प्लॅन अजून पास झालेला नाही, आत्ता फक्त कागदावरची रेघ बदलायचीय, नंतर काँक्रीट फोडावं लागेल. रविवारी मीटिंग आहे ना, त्या मुलीच्या आईशेजारी जाऊन बस.